खोडलेले डोळे

देवापुढची साखरेची वाटी घेऊन सुगंधाबाई टेबलापाशी आल्या, तेव्हा चित्र काढणाऱ्या यंत्राचं पान निम्मं झालं होतं. त्यांचे यजमान हरिश्चंद्र मोकल जाऊन वर्ष होत आलं, पण कागदावर त्यांचीच रेघ उमटत होती. आधी राणीच्या शेल्याच्या चुण्या, मग हात, चेहरा शेवटी.

'नीलवनाची राणी' ही त्यांची चित्रकथा एकतीस वर्षं दर दिवाळीला निघाली. मोकल पेन्सिलीनं काढायचे, सुगंधाबाई शाई भरायच्या. घराणं पेणच्या मूर्तिकारांचं, म्हणून डोळे सगळ्यांत शेवटी, तेही आंघोळ करून. राणीमागून दिवा घेऊन चालणाऱ्या मुलीला मात्र त्यांनी कधीच डोळे दिले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "ज्याला डोळे दिले, त्याला एक दिवस पाण्यात सोडावं लागतं." माणूस हट्टी, त्या चेहऱ्यापाशीच घोटाळायचा. सुगंधाबाई तिथला रबराचा भुगा फुंकायच्या नि शाईची बाटली उघडायच्या.

बत्तिसावा अंक अर्धा राहिला. तो पुरा करायला प्रकाशकांनी हे यंत्र पाठवलं होतं, आणि सोबत ते चालवणारी केतकी. तिनं मोकलांच्या ट्रंकेतली झाडून सगळी मूळ पानं यंत्राला दाखवून मोकलांच्या हाताची 'रेघस्मृती' तयार केली होती. सुगंधाबाईंची सही झाली की पान छपाईला जाणार होतं.

साखर केतकीच्या हातावर ठेवता ठेवता सुगंधाबाईंचं लक्ष गेलं. यंत्राचा हात दिवेवालीच्या चेहऱ्याशी थबकला, आणि त्यानं दोन डोळे काढले.

"अगं, हिला डोळे नसतात. थांबव त्याला."

केतकीनं यंत्र थांबवलं आणि चूक शोधायला पडद्याशी बसली.

"काकू, खोडरबर शिसं नेतं, कागदात पडलेला चर नेत नाही. यंत्र तो चरही वाचतं. काकांनी दरवर्षी हिला डोळे काढलेत. मग खोडलेत."

तिनं ते पडद्यावर ओळीनं मांडले. पहिल्या अंकातले तान्ह्या बाळाचे. सातव्यातले खोडकर. सोळाव्यातले जरा रुसलेले. एकतिसाव्यातले भरल्या वयाच्या बाईचे. सगळ्यांत डावी पापणी किंचित उतरलेली.

तशी पापणी सुगंधाबाई रोज आरशात बघत होत्या.

बत्तीस वर्षांपूर्वी त्यांना मुलगी झाली होती. त्या शुद्धीवर आल्या तेव्हा मोकल तिला पुरून परतले होते. "डोळे उघडलेच नाहीत तिनं," एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यावर सुगंधाबाईंनी आयुष्य काढलं होतं.

"नको असतील तर हे डोळे आत्ता काढून टाकते," केतकी हलकेच म्हणाली. "सही केलीत तर यापुढेही दर दिवाळीला ती डोळ्यांसकट दिसेल. वय यंत्र वाढवेल."

"वाढवेल म्हणजे?"

"काका एकतिसाव्या वर्षापाशी थांबले, काकू. हे बत्तिसावं यंत्राचं आहे."

पानावरची मुलगी दिव्याआडून सरळ त्यांच्याकडेच बघत होती. पापणी तीच. नजर कुणाची, ते कळेना.

देवाला दाखवलेली साखर दुसऱ्यांदा चालत नाही, म्हणून सुगंधाबाई आत जाऊन नवी घेऊन आल्या. वाटी पानापुढे ठेवली, हात जोडले. सहीचं पेन तसंच पडून होतं.

बापानं एकतीस वेळा खोडून जिला राखलं, तिला आता सही न करता पाण्यात सोडायचं, की सही करून परक्या हातानं म्हातारी होऊ द्यायचं?