अजून निळं आहे, अपा!

उलकान अपांनी सुनेच्या हातातली किटली हिसकावून घेतली आणि सुनेच्याच पुढ्यातला प्याला काठोकाठ भरला... इतका, की चहा ओघळून खाली अंथरलेल्या दस्तरखानावर उतरला!

"घे! पी!"

पुढचे शब्द त्यांनी गिळले. पण न बोलताच ते घरभर ऐकू गेले. अर्धा प्याला माणसाला बसवून घेतो आणि काठोकाठचा उठवतो, हे नारीन नदीच्या त्या खोऱ्यात रांगत्या पोरालाही ठाऊक! गेले अडीच महिने रोज सकाळी जिपाराला तिच्याच घरात असा प्याला मिळत होता, आणि रोज ती तो निमूटपणे, शेवटच्या घोटापर्यंत पीत होती.

दाराशी बसलेला तिचा नवरा तालंत बुटाच्या नाडीशी चाळा करत राहिला. काय बोलणार तो? गेला तो त्याचाच धाकटा भाऊ होता ना!

ऐन हिवाळ्यात मिर्लान चार दिवसांसाठी शहरातून घरी आला होता. शेगडीच्या खोलीत, सगळ्यांत उबदार जागी, अपांनी स्वतःच्या हातांनी त्याचं अंथरूण घातलं होतं... आणि सकाळी तो उठलाच नाही! धुराड्याची लोखंडी झडप कुणीतरी वेळेआधी लोटली होती. ऊब टिकावी म्हणून झडप सगळेच लोटतात. पण निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचते आहे तोवर तिला हात लावायचा नसतो. लावला, की विष खोलीतच कोंडतं. त्याला ना वास, ना धूर.

"झडप कुणी लोटली?" पोलिसांनी विचारलं.

"मी," जिपारा म्हणाली.

तिनं लोटली नव्हती! पण सगळ्यांच्या आधी त्या खोलीत तीच गेली होती, आणि झडपेच्या कडीला चिकटलेले करड्या लोकरीचे करपलेले धागे तिनं पाहिले होते. अपांच्या शालीचे धागे... पोरगं गारठेल म्हणून माउली झोपेतून उठली असेल, मोतीबिंदूनं अधू झालेल्या डोळ्यांना निखारे विझल्यासारखे वाटले असतील, शालीचं टोक हाताला गुंडाळून तिनं झडप लोटली असेल, लेकाच्या कपाळावरून हात फिरवून परत जाऊन निजली असेल... आपल्याच हातानं आपला लेक गेला, हे कळल्यावर ही बाई दुसरा दिवस बघेल का? जिपारानं ते धागे नखानं खरवडून काढले आणि मुठीत दाबले.

त्या एका 'मी'पायी आता तिच्यावर निष्काळजीपणानं जीव घेतल्याचा खटला उभा होता. न्यायाधीशांनी प्रकरण आधी गावच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवलं होतं. गेलेल्याच्या आईनं समेटाच्या कागदावर सही केली, तर खटला मिटणार होता. नाही केली, तर जिपारा तुरुंगात, आणि चार वर्षांची आयपेरी आईवाचून! आज दुपारी त्या वडीलधाऱ्यांतले मुख्य, आकसाकाळ तेमिरकुल, तो कागद घेऊन येणार होते.

मागच्याच आठवड्यात कोर्टानं तिला एका मानसतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं होतं. बाईंनी चार वेळा सगळी हकिकत सांगायला लावली, आणि मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "जिपारा, 'मी उठून शेगडी बघायला हवी होती, मुलीच्या तापात डोळा लागला,' असं तुम्ही मघापासून नऊ वेळा म्हणालात. पण 'मी झडप लोटली नसती तर,' असं एकदाही नाही. ज्याच्या हातून घडतं ना, त्याचा हात त्याला झोपू देत नाही. तुमचा हात तर शांत आहे!"

जिपारानं बाईंचे हात धरले. "बाई, तुमच्या पाया पडते, हे लिहू नका! अपा जगणार नाहीत हो!"

"घटनेच्या वेळी तुम्ही भानावर होतात का, एवढंच कोर्टानं मला विचारलंय. कुणी केलं, ते शोधणं माझं काम नाही," बाई हळूच म्हणाल्या. "पण हा भार त्यांना झेपणार नाही, हे परस्पर कुणी ठरवलं? तुम्हीच ना? त्यांना विचारलंत?"

जिपारानं त्यांचे हात सोडले आणि ती दाराकडे वळली.

आज ठरल्याप्रमाणे दुपारी तेमिरकुल आजोबा आले, भाकर मोडली, दुवा मागितली. मग कागद पुढे ठेवून म्हणाले, "उलकान, पोरीला माफ करतेस? मनापासून हो म्हण, नाहीतर मनापासून नाही म्हण. मिळमिळीत काही नको."

"माफ?" अपांचा आवाज फाटला. "माझं लेकरू गेलं, तेमिरकुल! रोज स्वप्नात उठते मी, त्याच्या अंगावर पांघरूण घालते, त्याच्या कपाळावर हात ठेवते... कपाळ गरम लागतं रे! आणि जाग येते! हिनं एकदा शेगडीत डोकावून बघितलं असतं, तर काय हिचे डोळे झिजले असते? नाही! देणार नाही मी सही!"

जिपारानं मान खाली घातली. म्हणजे संपलं! आता आयपेरीच्या वेण्या कोण घालणार, एवढंच तिच्या मनात आलं.

बाहेर डोंगरावरचा वारा सुटला होता. वसंत नावालाच, दाराच्या फटीतून गारवा आत शिरत होता. रडून थकलेल्या अपा कुडकुडल्या. "थंडी भरली मेली," असं पुटपुटत त्या उठल्या, शेगडीपाशी बसल्या, आत डोकावल्या, शालीचं टोक हाताला गुंडाळलं... आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं झडप लोटली.

"अपा! अजून निळं आहे!"

जिपारा किंचाळतच धावली. उघड्या हातानं तिनं ती तापलेली कडी मागे ओढली. तळवा चरचरला, पण तिनं ती सोडली नाही.

अपा शेगडीकडे बघत होत्या, मग शालीच्या टोकाकडे. ते टोक करपलं होतं. त्याच्या शेजारी आणखी एक करपलेली जागा होती... जुनी.

"मला... निळं दिसलंच नाही गं," अपा म्हणाल्या. "त्या रात्रीही नव्हतं दिसलं... ते स्वप्न नव्हतं... मी खरंच उठले होते..."

"नाही अपा! मीच! मीच लोटली होती!"

"गप्प बस! खोटं बोलू नकोस!" अपांनी स्वतःच्याच हातावर हात आपटला. "तुला माहीत होतं! आणि रोज तो भरला प्याला... रोज पीत होतीस तू! अगं, का?"

"तुम्ही आई आहात म्हणून," जिपारा हुंदक्यातून म्हणाली.

अपांनी जो टाहो फोडला, तो ऐकून तालंतही लहान पोरासारखा रडू लागला. मग तेमिरकुल आजोबा बोलू लागले. "जीव घ्यायचा म्हणून झडप लोटणारा वेगळा, ऊब द्यायची म्हणून लोटणारी वेगळी. हे कायद्यालाही कळतं. पण पोरगं दोन्हीकडून जातंच, उलकान, त्याला इलाज नाही. आणि तू, पोरी! तू हिचा गुन्हा चोरलास. मायेनं केली, तरी चोरी ती चोरीच!"

"लिही माझं नाव," अपा डोळे पुसत म्हणाल्या. "नेतील तिथं जाईन. माझं आहे ते मला दे."

"खटला तुझ्यावर आला, तर समेटाची सही मी करीन," तालंत दाराशी उभा राहून म्हणाला. "मीही त्याचा भाऊच आहे." मग तो बायकोकडे वळला. "जिपारा... मी तुला एकदा विचारलंसुद्धा नाही गं!"

आजोबांनी कागदावर घडलं तेच लिहिलं. कोर्ट काय करील, ते कोर्टाला ठाऊक.

अपांनी सुनेचा भाजलेला तळवा गार पाण्यात बुडवला, शालीची चांगली बाजू शोधून त्यावर गुंडाळली. मग किटली उचलली. या वेळी त्यांनी नेमका अर्धाच प्याला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

जिपारानं तो एका दमात रिकामा केला, आणि रडत रडतच पुन्हा पुढे केला.

"अजून द्या, अपा."