दहावी पिशवी

मोहीम फत्ते झाली! वरदाने डोंगरावरच्या दहाही जागांचा बर्फ मोजला आणि उन्हाळ्यात नदीला किती पाणी असेल याचा अंदाज सोमवारी ऑफिसात दिला.

असं काहीही झालं नाही. वरचं वाचलंच नाही असं समजा.

साल २००७, मार्च महिना. स्कॉटलंडच्या एका डोंगरावर तिघं चढत होती: लंडनमधल्या ईलिंगची वरदा, तिथल्याच हाउन्सलोचा तिचा चुलतभाऊ नकुल आणि नकुलचे बाबा, रिटायर्ड डॉक्टर माधवकाका. पोकळ नळी बर्फात खुपसायची, आत आलेला बर्फ पिशवीत भरून ताणकाट्यावर तोलायचा. वजनावरून कळतं, वितळल्यावर नदीत किती पाणी उतरणार. दहातली एक जरी जागा राहिली, तर वरदाचं ऑफिस ही मोजणी कायमची बंद करणार होतं. म्हणजे वरदाचे मोजणीतले तीन हिवाळे वाया गेले. त्यात उद्यापासून पाऊस सांगितलेला. बर्फ काय तो आजच्यापुरता.

दहावी पिशवी भरली आणि ती तोलायच्या आधीच वारा सुटला. सगळं पांढरं झालं! स्वतःचे बूट दिसेनात. नकुलच्या पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. खाली ओढा! वरदाने तिघांच्या कमरेला बांधलेला दोर खेचला. काकांनी वरदाला खेचलं. नकुल कमरेपर्यंत भिजून वर आला. नळी आणि ताणकाटा वाहून गेले.

"बाबा, मला पाय आहेत ना?"

"दोन आहेत. कुडकुडत राहा. कुडकुडणं थांबलं तर सांग."

खडकाच्या आडोशाला वरदाने त्याचे ओले कपडे काढून त्याला स्लीपिंग बॅगमध्ये कोंबलं. मागे काकांनी स्टोव्ह पेटवला. आल्याचा वास आला. नकुलच्या ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला. त्याने चहाचा दुसरा कप मागितला, तेव्हा कुठे वरदाने मागे वळून पाहिलं.

दहावी पिशवी रिकामी होती.

"काका, अहो, चारी बाजूंना बर्फच बर्फ आहे."

"तो उघड्यावरचा," काका शांतपणे म्हणाले. "हा पिशवीत बंद होता. घे, तूही घे."

तिने घेतला. साखर जास्त होती.

तिघं गाडीपाशी पोचली तेव्हा पावसाला सुरुवात झाली होती. अहवालात वरदाने नऊ आकडे भरले, दहाव्या रकान्यात 'प्यायलो' असं लिहिलं आणि खाली जोडलं:

'तरी, नवीन नळी मिळून फेरमोजणी होईपर्यंत सदर डोंगरावरील बर्फ वितळण्यास स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.'