सगळ्यांवर राज्य

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. ऐकीव नाही. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या, पण मला खोटं पाडायला येऊ नका. पोटच्या पोरीच्या बाबतीत थापा मारेल अशी माझी ताई नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. गुरुवार होता. दुपारचे पावणेचार. बाहेर रणरणतं ऊन.

ताई पाळणाघर चालवायची. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे मोरी. सात मुलं, आणि आठवी तिची स्वतःची लेक बिट्टी, साडेतीन वर्षांची. बाकीचीही चार-पाच वर्षांचीच, म्हणजे वरून आणि खालून गळणारी. शेंबूड, लाळ, ओकारी, चड्डीतली शी... ताई हे सगळं आवरायची, हात धुवायची आणि तिथेच बसून डबा खायची.

"मला कशाचीच किळस येत नाही गं," असं मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आता ती ओला टॉवेलसुद्धा चिमटीत धरते.

त्या आठवड्यात समोरचा रस्ता खणून ठेवला होता. धुळीमुळे खिडक्या बंद, अंगणात जायची सोय नाही. आठ पोरं दिवसभर एका खोलीत कोंडलेली. ताईने सतरंज्या गुंडाळल्या, टेबल आत ढकललं आणि आंधळी कोशिंबीर सुरू केली. ज्याच्यावर राज्य, त्याच्या डोळ्यांवर रुमाल. त्याने चाचपडत कुणालातरी पकडायचं, चेहऱ्यावरून हात फिरवायचा आणि नाव ओळखायचं. नाव बरोबर आलं की पकडलेल्यावर राज्य.

बिट्टी सगळ्यांत लहान, म्हणून ती कच्चा लिंबू. खेळायचं सगळ्यांबरोबर, पण तिच्यावर राज्य यायचं नाही.

सोमवारी वास आला.

आंबलेल्या दुधाचा. आणि त्याच्या आड, कधीच न वाळलेल्या फडक्याचा. ताईने आठही चड्ड्या तपासल्या. सगळ्या कोरड्या. मोरीत फिनेल ओतलं. वास हलला नाही.

मंगळवारी भिंतीवर हातांचे ठसे दिसले. ओले, चिकट. पोरं भिंतींना हात पुसतातच, त्यात नवल नाही. पण हे ठसे अगदी खाली होते... ताईच्या घोट्यापाशी. तिच्याकडे रांगणारं मूल एकही नव्हतं.

ताईने फडक्याने पुसले. फडकं भिंतीपासून सुटताना मध्ये तार आली.

बुधवारी राज्य ढब्बूवर होतं. ढब्बू पाच वर्षांचा, पोरांचा म्होरक्या. बाकीची पोरं एका भिंतीला चिकटून खिदळत होती. ढब्बू मात्र समोरच्या कोपऱ्याकडे गेला. रिकाम्या कोपऱ्याकडे.

तिथे तो वाकला. काहीतरी चाचपलं...

मग तोंड वेडंवाकडं करून दोन्ही हात शर्टाला पुसले आणि परत फिरला.

"काय रे, कोण होतं?" ताईने गमतीने विचारलं.

"कच्चा लिंबू."

"बिट्टी तर इथे माझ्या मांडीवर आहे."

"ती नाही. दुसरा." ढब्बूने अगदी सहज सांगितलं. "त्याला राज्य द्यायचं नाही. घाण आहे तो. चाटतो."

ताई हसली. पोरांच्या डोक्यात काय येईल याचा नेम नसतो. पण ढब्बूचे हात धुवायला घेतले तेव्हा त्याच्या बोटांत लाळ होती. ताजी, कोमट, दाट. आणि लाळेला तोच आंबूस वास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताईला मोरीत वाकून ओकावं लागलं.

मी असते तर त्याच संध्याकाळी कुलूप ठोकलं असतं. पण ताईला वाटलं, कुणाचंतरी पोट बिघडलं असेल. सवय वाईट असते, दुसरं काय.

गुरुवारी बिट्टीने फतकल मारून भोकाड पसरलं.

"मी कच्चा लिंबू नाही! मला पण राज्य पाहिजे!"

ताई विरघळली. टाळ्या वाजवून म्हणाली, "ऐका रे सगळे! आजपासून कच्चा लिंबू बंद. सगळ्यांवर राज्य येणार."

पोरांनी त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"सगळ्यांवर?" ढब्बूने विचारलं.

"सगळ्यांवर."

"नक्की ना, ताई?"

"एकदा सांगितलं ना!"

पहिलं राज्य ढब्बूचंच होतं. त्याने रुमाल बांधून घेतला. कुणाला शोधलंही नाही. सरळ त्या कोपऱ्याकडे गेला.

चप्... चप्...

ओल्या तळहातांनी कुणीतरी फरशीवर रांगावं, तसा आवाज. ताईने पोरं मोजली. आठच्या आठ तिच्या डोळ्यांसमोर उभी होती.

ढब्बू वाकला. चाचपडला. "कच्चा लिंबू," रडवेल्या आवाजात म्हणाला. डोळ्यांवरचा रुमाल सोडला, आणि खाली वाकून तो कुणालातरी बांधला.

गाठ मारून त्याने हात काढून घेतले...

रुमाल खाली पडला नाही.

फरशीपासून वीतभर वर तो तसाच राहिला. आत काहीतरी गोल असल्यासारखा फुगलेला. हळूहळू तो आतून भिजायला लागला. त्याच्या कडेवरून लाळ ठिबकत होती.

मग तो पुढे सरकला. चप्... चप्...

पोरं भिंतीला चिकटली. एकटी बिट्टी मधोमध टाळ्या पिटत होती. पहिल्यांदाच मोठ्यांच्या खेळात घेतलं होतं ना तिला!

"इकडे! इकडे!"

रुमाल तिच्या पायापाशी थांबला. मग वर चढायला लागला. फ्रॉकवर ओले पंजे उमटत गेले... पोट, छाती, गळा. रुमाल तिच्या तोंडासमोर आला. तिच्या गालावर ओला पट्टा उठला. मग नाकावर. मग ओठ आपोआप फाकले, आणि आत कुणीतरी बोटं घालून चाचपत होतं.

बिट्टीचं हसू थांबलं.

ताई तिच्यापासून चार पावलांवर होती. हे सांगताना ती दर वेळी रडते. "चार पावलं गं. आणि मला त्याला हात लावायची किळस आली. माझी पोरगी होती, तरी आली."

तेवढ्यात आवाज आला. तोंडात गुळणी धरून बोलावं तसा.

"बि..."

नाव ओळखत होता तो. नाव पूर्ण झालं असतं, तर तो रुमाल बिट्टीच्या डोळ्यांवर बांधला गेला असता. आणि त्याचं राज्य माझ्या भाचीवर आलं असतं.

लहानपणी आम्ही दोघी दम लागला की करायचो, तेच ताईने केलं. स्वतःच्या मुठीचा पापा घेतला आणि जिवाच्या आकांताने ओरडली,

"टाइम प्लीज!"

थप्प... रुमाल फरशीवर पडला.

त्याच आठवड्यात तिने पाळणाघर बंद केलं. रुमाल चिमट्याने उचलून टाकला. चिमटाही टाकला. घर बदललं. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं.

पण टाइम प्लीज म्हणजे डाव संपत नाही, हे लहान मूलही सांगेल. डाव थांबतो. कुणीतरी 'चालू' म्हटलं, की होता तिथून पुढे.

ताईच्या घरी तो शब्द कुणी उच्चारत नाही. पंखा 'लाव' म्हणायचं, टीव्ही 'लाव' म्हणायचं. दाजी एकदा चुकले होते. ताईने त्यांच्या तोंडावर हात दाबला, तो अर्धा तास काढला नाही.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेले होते. बिट्टी नुकतीच झोपून उठली होती. मी तिला उचललं आणि गालाचा पापा घेतला.

गाल ओला होता...

झोपेत लाळ गळली असेल. मुलांची गळतेच. पण त्याला आंबलेल्या दुधाचा वास होता. मला कळायच्या आत मी ओठ ओढणीला पुसले. माझी सख्खी भाची, आणि मला तिची शिसारी आली. अजून येते. लाज वाटते सांगायला.

बिट्टीने ते पाहिलं. रागावली नाही.

"सगळेच पुसतात, मावशी," ती म्हणाली. "तो रडतो मग."

मी तिला खाली ठेवलं. ती आपलं नवं दप्तर घेऊन आली, दाखवायला. मग माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं,

"शाळेत बाई चालू म्हणतात ना गं?"

येत्या सोमवारपासून तिची शाळा आहे.