तिसऱ्या कडव्यातली वाटी

घोरावाडी स्टेशनवरून फोन आला तेव्हा उपनिरीक्षक सुषमा वाळुंजचा चहा अजून पुरता निवलाही नव्हता.

“मॅडम, सकाळपासून तुम्ही शोधताय ते लोणावळ्याचे आजोबा इथं बाकावर बसलेत. चार तास झाले, उठत नाहीत. म्हणतात, पोलिसांना बोलवा, चोरीची तक्रार द्यायचीय.”

“काय चोरीला गेलं?”

पलीकडचा रेल्वेवाला घुटमळला. “बायकोचा आवाज, म्हणतात.”

लोणावळ्यात सुषमाने नाना तऱ्हेच्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या. पर्यटकांचे मोबाईल, बंगल्यांचे पितळी नळ, एकदा तर झोपाळा साखळ्यांसकट गेला होता. पण आवाज गेल्याची तक्रार पहिलीच. तिने गाडी काढायला सांगितली.

निजाम तांबोळी बाकाच्या टोकाला बसले होते. वय चौऱ्याहत्तर, अंगात रेल्वेचा जुना कोट. सुषमा त्यांच्या उजव्या बाजूला बसली आणि “आबा” म्हणाली. ते हललेही नाहीत. तिने खांद्याला हात लावला तेव्हा दचकून वळले.

“ह्या अंगाला ये, पोरी. तो कान धुक्यानं खाल्ला.”

घाटात धुकं दाटलं की ड्रायव्हरला सावध करायला रुळावर फटाके लावायचे, ते काम त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं होतं. उजवा कान त्यातच गेला. सुषमा उठून डावीकडे बसली.

“आता सांगा. कुणाचा आवाज?”

“जीनतचा. माज्या मालकिणीचा. सा वर्सं झाली तिला जाऊन. तिनं म्हनल्यालं हळदीचं गानं हाये. तिच्या भावानं दुबईहून टेप आनलावता, त्याच्यावर भरल्यालं. नातीनं ते कॉम्प्युटरात घातलं. रोज ऐकतो. पंधरा दिस झाले, ढोलकी हाये, बांगड्या हायेत, टाळ्या हायेत. ती न्हाई.”

“घरी सांगितलं?”

“सांगितलं तर! पोरगा स्पीकरवर लावतो. सगळी म्हनत्यात, येतोय की आवाज. मला त्या डब्यातनं निस्तं गिचमिड ऐकू येतं. हेडफोन लावला तरच उमजतं, आन हेडफोनात ती न्हाई.”

“मग इथं कशाला आलात?”

“हितं तिचं म्हायेर व्हतं. भावाकडं दुसरी कॅसेट आसंल म्हनलं.” त्यांनी पुलापलीकडे बोट केलं. “तितं आता सात मजली इमारत हाये.”

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, “आनखी एक हाये. कुनाला सांगितलं न्हाई, आदीच मला येड्यात काढलंय. त्या गान्यात मदीच एक ल्हान पोर बोलतं. इतक्या वर्सांत कदी ऐकलं नव्हतं. आन शुक्रवारी डागदरबाई येनार हाये माजं डोकं तपासाया.”

“डोकं बिघडलं म्हणाल्या, तर?”

“तर मला आश्रमात धाडनार. आन भुशीच्या वाटंवरची आट गुंठं जागा इकाया पोरगा मोकळा.”

तो बुधवार होता. सुषमाने वहीत तक्रार लिहिली. हसू मात्र आलं नाही.

घरी झुबेर वाटच बघत होता. बापाला पाहताच त्याने मिठी मारली, डोळे पुसले, स्वतः पाणी आणलं. बेचाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. ओसरीवर काळे स्पीकर एकावर एक रचलेले. बंगल्यांवर पार्टी असली की साउंड तो द्यायचा. पाहुण्यांना गायला माईक, पडद्यावर शब्द, सगळं.

“कॉम्प्युटरला कोण हात लावतं?” सुषमाने विचारलं.

“अब्बा आणि अम्मारा, माझी मुलगी. ती पुण्याला शिकते. बिघडलं की दुकानवाला गणेश. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मॅडम. हेडफोन तर मी आयुष्यात लावला नाही, डोकं दुखतं माझं.”

त्याने हेडफोनची पिन उपटली आणि गाणं सुरू केलं. स्पीकरमधून एका बाईचा खणखणीत, हसरा आवाज खोलीभर पसरला. सुषमाच्या अंगावर काटा आला. आवाज होता. चांगला ठसठशीत होता.

निजाम मान तिरकी करून डावा कान पुढे करत होते आणि त्यांना काही गवसत नव्हतं. ते बघवत नव्हतं.

“काय सांगू मॅडम,” झुबेरने पुन्हा डोळे पुसले. “पुढं तिसऱ्या कडव्याला वाटी पडते आणि मी मागून म्हणतो, ‘परत म्हण ना, अम्मी.’ सहा वर्षांचा होतो. असलं रेकॉर्डिंग कोण कशाला चोरेल?”

दुसरं कडवं संपायच्या आत एक हात पुढे आला आणि गाणं बंद झालं. झुबेरची बायको अमिना.

“पुरे. सकाळ-संध्याकाळ तेच. सासूबाई गेल्या, पण घरातून काही गेल्या नाहीत.”

“राग आहे तुमचा त्यांच्यावर?” सुषमाने विचारलं.

“राग कशाचा? हॉटेलात दिवसभर चादरी मोजून सहाला घरी येते. माणसाला जरा शांतता नको?” तिने पदर खोचला. “पण अब्बांना वेडं ठरवायला मी कुणाला बोलावलेलं नाही. तेवढं लिहून घ्या.”

सुषमाने लिहून घेतलं. तिथून ती बाजारात गणेशच्या दुकानात गेली. तो तिला बघूनच घामाघूम झाला.

“तांबोळींकडे कधी गेला होतास?”

“पंधरा दिवस झाले. मंगळवारी. आतला पंखा वाजत होता, तो बदलला. बारा वाजता परत दुकानात. हे बिल बघा.”

“आणि त्यांच्या जागेचा सौदा?”

तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, “रिसॉर्टवाल्यांशी गाठ मीच घालून दिली. खोटं कशाला बोलू? पण आवाजाच्या भानगडीत मी नाही. आवाजाचं काम आलं की मी गिऱ्हाईक उलट झुबेरभाईंकडे पाठवतो.”

संशय घ्यायला गणेश अगदी सोयीचा होता. कॉम्प्युटर येणारा, सौद्यातला आणि वर घाबरट. ठाण्यातल्या सगळ्यांनी एकमुखाने त्याचंच नाव घेतलं. सुषमाला मात्र ते पटेना. निजाम बोलले होते, त्यातलं काहीतरी तिला टोचत राहिलं.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा गेली. झुबेर कामावर, अमिना हॉटेलात. तिने आधी गाणं स्पीकरवर शेवटपर्यंत ऐकलं. तिसरं कडवं दोनदा ऐकलं. मग पिन लावली, हेडफोन कानावर चढवला.

ढोलकी. बांगड्या. टाळ्या. जीनतच्या जागी विहिरीच्या तळातून आल्यासारखी नुसती कुजबुज.

मग तिसरं कडवं आलं. सुषमाने हेडफोन काढला, निजामकडे पाहिलं आणि ताबडतोब पुण्याला फोन लावला.

“अम्मारा, आजोबांच्या कॉम्प्युटरवर तू काय बसवलंयस?”

“आवाज सुधारायचं सॉफ्टवेअर आहे, मॅडम. गाणं हेडफोनकडे जाताना ते मधेच अडवून बदलून देतं. दादाजींना एकाच कानाने ऐकू येतं ना, म्हणजे उजव्या बाजूचं अर्धं गाणं वायाच जायचं. म्हणून मी दोन्ही बाजू एकत्र केल्या, सगळं डावीकडे वळवलं आणि बारीक आवाज थोडे चढवले. प्रत्येक बदलाची त्याच्या फाईलमध्ये एकेक ओळ आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडले होते ते. म्हणाले, आज ती पुरी भेटली.”

“स्पीकरवरही तसंच होतं?”

“नाही. हे फक्त हेडफोनला. स्पीकरला जसंच्या तसं.”

सुषमाने ती फाईल उघडली. “म्हणजे तीन ओळी. मला इथं चार दिसतायत.”

“चौथी काय आहे?”

सुषमाने वाचून दाखवली. सगळ्यात वर होती ती. फाईल शेवटची बदलल्याची तारीख होती पंधरवड्यापूर्वीचा मंगळवार, दुपारी तीन चाळीस.

“ही मी नाही लिहिली, मॅडम. ही ओळ...” आणि पुढचं ती चाचरत बोलली.

शुक्रवारी डॉक्टरबाई आल्या तेव्हा सुषमा आधीच येऊन बसली होती. गणेशलाही तिने बोलावून घेतलं होतं. तो दारातच अंग चोरून उभा राहिला.

“डॉक्टर, पेशंट तपासण्याआधी हे कानाला लावा,” सुषमाने हेडफोन पुढे केला.

डॉक्टरबाईंनी अर्धा मिनिट ऐकलं. “ढोलकी आहे. गाणारं कुणी नाही.”

सुषमाने पिन उपटली. खोलीत जीनत गाऊ लागली.

“म्हणजे आबा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते. त्यांचा हेडफोन कानाला लावून बघायचे कष्ट मात्र कुणी घेतले नाहीत. मीसुद्धा परवा घेतले नाहीत.”

“पण झालं काय?” अमिनाने विचारलं.

“टेपला दोन माईक होते, डावा आणि उजवा. सासूबाई बरोबर समोर बसून गायल्या, म्हणून त्यांचा आवाज दोन्हीकडे सारखाच भरला गेला. ढोलकी एका अंगाला, बांगड्या दुसऱ्या. अम्माराने दोन्ही बाजू एकत्र केल्या होत्या. कुणीतरी त्याच्या आधी एक ओळ घातली: उजवी बाजू उलटी करा. दार एकाने आतून लोटलं आणि दुसऱ्याने तेवढ्याच जोराने बाहेरून, तर ते हलत नाही. तसा दोन्हीकडे सारखा असलेला आवाज एकमेकाला खाऊन टाकतो. कडेचं तेवढं उरतं.”

सगळ्यांनी गणेशकडे पाहिलं.

“मी नाही!” तो ओरडला.

“तू नाहीस. ओळ लिहिली तीन चाळीसला. तू बाराला दुकानात होतास. अमिनाताई हॉटेलात होत्या. दुपारी आबा झोपतात. आणि ही युक्ती कॉम्प्युटरवाल्याची नव्हेच, हे मला अम्माराने सांगितलं. पार्टीतल्या पाहुण्यांना जुनं गाणं म्हणायचं असलं, तर त्यातला गाणारा काढावा लागतो. तो असाच काढतात.” ती वळली. “हो ना, झुबेरभाई?”

झुबेर हसला. “मॅडम, साउंडचा धंदा करणारे लोणावळ्यात पन्नास आहेत.”

“आहेत. पण बुधवारी तुम्ही मला म्हणालात, तिसऱ्या कडव्याला वाटी पडते आणि मी ‘परत म्हण ना, अम्मी’ म्हणतो. ऐकवू?”

तिने तिसरं कडवं स्पीकरवर लावलं. जीनत मोकळ्या गळ्याने गात होती. ना वाटी, ना पोर.

“आईच्या आवाजाखाली ते दोन्ही बुडून जातं. अम्मारानेच हे कॅसेटवरून उतरवलं, तिलाही माहीत नाही. आई पुसली गेली तरच ते ऐकू येतं, आणि तेही फक्त ह्या हेडफोनात. तुम्ही तर आयुष्यात हेडफोन लावला नाही.”

“लहानपणची आठवण आहे माझी.”

“वाटी कितव्या कडव्याला पडली, ही सहाव्या वर्षीची आठवण?”

अमिना झुबेरपासून दोन पावलं मागे सरली.

“आठ गुंठे नुसते पडून आहेत,” तो अखेर म्हणाला. आवाजातला गोडवा पार उडाला होता. “किती वर्षं विनवलं ह्यांना. नुसतं न्हाई, न्हाई. मी मारलं का कुणाला? एक ओळ तर लिहिली.”

डॉक्टरबाईंनी बॅग उचलली. “माझं इथं काही काम नाही,” म्हणाल्या आणि निजामना हात जोडून निघून गेल्या.

निजाम एवढा वेळ डावा कान पुढे करून ऐकत होते. लेकाकडे त्यांनी पाहिलं नाही.

“पोरी, ती वळ काडलीस का?”

“काढते, आबा.”

“ऱ्हाऊ दे जरा. ते पोर कोन, ते आत्ता कळलं. एकडाव ऐकू दे.”

सुषमाने पिन लावली. निजामनी दोन्ही हातांनी हेडफोन धरून ठेवला. तिसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलले. “परत म्हन ना, अम्मी,” ते पुटपुटले. झुबेरने भिंतीकडे तोंड केलं.

मग त्यांनी ओळ काढायला सांगितली. गाणं पुन्हा पहिल्यापासून लागलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. सुषमाने गाणं संपेपर्यंत वाट पाहिली.

“आबा, तक्रारीत काय लिहू?”

“आवाज गावला, आसं लिही.”

तिने लिहिलं.

“आन त्याच्या खाली लिही, सा वर्साचा पोरगा हरवला.”

सुषमाने पेन टेकवलं, पण ती दुसरी ओळ तिच्याच्याने लिहवेना.