चौदा नंबरचा केर

ओजस, खिडकी लाव. आणि वैभवी, हसू आवर आधी. तुम्ही पीएचडीवाली पोरं, तुम्हाला सगळं ठाऊक असतं. आमच्या ऑफिसातल्या हरीशलाही सगळं ठाऊक होतं. ही गोष्ट त्याचीच, दोन हजार चार सालची, आणि खरी आहे.

इथून, जर्मनीतल्या या ब्योब्लिंगेनहून, गाडीने वीस मिनिटांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं काही नाहीच त्या गावात. एकच धड रस्ता, हाउप्टस्ट्रास. एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला चर्च, मध्ये लाकडी चौकटींची चाळीसेक घरं, आणि घरागणिक पाटी. इथे कातडी कमावणारा राहायचा. इथे कुणी सरदार एक रात्र झोपला होता. झोपला, यात काय पराक्रम? कधीकाळी आगीत निम्मा रस्ता जळाला, त्याचीसुद्धा पाटी! कातडीवाल्याच्या घरात आता मोबाइलचं दुकान, धान्याच्या कोठारात कातडी तांबूस करून घ्यायचं सोलारियम. बाहेरून चारशे वर्षांचा थाट, आत सगळं प्लास्टिक. त्या जळालेल्या बाजूचं चौदा नंबरचं घर तेवढं वाचलं, म्हणून त्याचा मालक ब्यूलर असा ताठ चालायचा, जणू यानेच बादल्या ओतल्या.

त्या चौदा नंबरात पहिल्या मजल्यावर हरीश राहायला गेला. बायको मालिनी पुण्यात. तिच्या व्हिसासाठी घर असल्याचा मालकाच्या सहीचा कागद लागत होता, आणि सोमवारी आउसलेंडरआम्टमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, शेवटची तारीख. सही अडली होती जिन्यापाशी. या श्वाबियन लोकांचा धर्मच तो, केअरवोखे. पाळीच्या आठवड्यात जिना माळ्यापासून खालपर्यंत झाडायचा आणि केर उंबऱ्याबाहेर काढायचा. हरीश इंजिनिअर ना, त्याला लाज वाटायची. दोन पाळ्या त्याने चुकवल्या. ब्यूलर म्हणाला, "रविवारी साडेआठला येतो. जिना बघतो, मग सही."

शनिवार, तेरा नोव्हेंबर. आपला पाडवा. साहेब दिवसभर झोपले आणि रात्री दहाला सुपरमार्केटमधला प्लास्टिकचा झाडू घेऊन निघाले. जाताना देवापुढच्या उदबत्तीची ताटलीही, थोटकासकट, केरातच उपडी केली. तेवढ्यात मालिनीचा फोन. पुण्यात अडीच वाजलेले, तिलाही झोप नव्हती.

"अरे, पाडव्याच्या रात्री केर बाहेर टाकू नकोस हं. दाराआड ठेव, सकाळी टाक."

"या, या," हा म्हणाला. जर्मन 'या'. मराठीत हो म्हणायला काय होतं रे तुम्हा लोकांना?

केर त्याने खालच्या मोठ्या दाराआड लोटला. सुकी पानं, कागदाचे कपटे, वर ती उदबत्तीची राख. सगळं घर लाकडाचं. वर आला, झाडू कोपऱ्यात उभा केला, दाराला साखळी लावली आणि घोरायला लागला.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली.

खर्र... खर्र...

कुणीतरी जिना झाडत होतं. वरून खाली. वर कुणी राहत नव्हतं, नुसता माळा. हरीशला आधी रागच आला. रविवारी पहाटे हा आवाज! ब्यूलरने ऐकलं तर सही गेली, मालिनी गेली. रागवायला तो उठला.

आवाज दारापाशी आला... थांबला.

दाराखालच्या फटीत उजेड. जिन्यातल्या बल्बचा नव्हे. तांबडा. जळकट वास.

"बिट्टे..." तो म्हणाला.

त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. झाडू नव्हता.

साखळी मात्र लावलेलीच होती.

खर्र... पायरी. खर्र... पायरी. खाली... आणखी खाली. मोठं दार करकरलं. मग एकच लांब फराटा, थेट रस्त्यावर.

मग काही नाही...

पठ्ठ्या उजाडेपर्यंत पलंगावर पाय वर घेऊन बसला. खाली जाऊन बघायची हिंमत झाली नाही. एरवी जिभेला हाड नसायचं त्याच्या.

साडेआठला ब्यूलर आला. जिना लख्ख. मोठ्या दाराची आतली बाजू खालून वीतभर कोळसा झालेली. केर रस्त्यावर, काळी राख होऊन पसरलेला. आणि भिंतीला टेकून हरीशचा झाडू, त्याचं प्लास्टिक वितळून गोळा झालेलं. हरीशला वाटलं, आता हा ओरडणार, पोलीस बोलावणार, मालिनीचा कागद फाडणार. घर पेटवायला निघाला होता तो, हे त्या गाढवाला तेव्हा कळलं.

ब्यूलर ओरडला नाही. जळक्या दारावरून त्याने हात फिरवला, खिशातून पेन काढलं आणि तिथेच जिन्यावर कागद टेकवून सही केली. म्हणाला, "पुन्हा केर घरात ठेवू नका." झाडू उचलला आणि वर जायला लागला. कागद त्याच्याच हातात राहिलेला, म्हणून हरीशही मागोमाग माळ्यावर गेला.

माळ्यावरच्या मोठ्या तुळईला ओळीने खिळे. खिळ्या-खिळ्याला एक झाडू. काटक्यांचे, गवताचे, घोड्याच्या केसांचे. पहिल्याचा तर नुसता दांडाच उरलेला. सगळे टोकाशी जळलेले.

ब्यूलरने हरीशचा झाडू शेवटच्या रिकाम्या खिळ्याला टांगला. कागद त्याच्या हातात दिला. मग खिशातून एक नवा खिळा काढला, आणि शेजारी ठोकायला लागला.