देवीच्या बोटाचा दगड

समृद्धीला गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यात सापडल्या. ती अंडी काढायला वाकली होती. हाताला अंडं लागलं नाही, गोळ्यांच्या पाकिटांचा गठ्ठा लागला. सात पाकिटं, आणि एकही गोळी फोडलेली नाही.

“हृतिक,” ती म्हणाली, “आप्पांच्या साखरेच्या गोळ्या हल्ली कोंबड्या घेतात का रे?”

“कोंबड्यांना मधुमेह होत नाही,” तिचा धाकटा भाऊ म्हणाला. “निदान आमच्या पुस्तकात तरी नाही.”

दोघं सुट्टीला दौंडहून न्हावऱ्याला आजोळी आले होते. आप्पा म्हणजे पोपटराव, त्यांच्या आईचे वडील. आजी गेल्या दिवाळीत गेली तेव्हापासून ते कमी बोलायचे आणि ओटीवरच बसायचे. आत्ताही बसले होते. समोर तांब्याचं भांडं होतं, भांड्यात पाणी आणि पाण्यात एक काळा, भोकाभोकांचा दगड.

समृद्धीने पाकिटं त्यांच्यापुढे ठेवली. “तुम्ही टाकलीत?”

“व्हय.”

“का?”

“ह्या दगडाच्या पाण्यानं साखर जाती. जपानच्या देवाच्या डोंगरावरचा दगड हाय. फुजी म्हणत्यात. सत्यजीत सरांनी दिला.”

“सर? कुठल्या शाळेत शिकवतात?”

“शाळेत न्हाई. जपानला जाऊन आल्यात ते.”

“म्हणून सर? मग आमच्या गल्लीतला ड्रायव्हर दुबईला जाऊन आलाय, त्याला महाराज म्हणू का?”

“जिभंला हाड न्हाई तुझ्या,” आप्पा म्हणाले आणि भांडं तोंडाला लावलं.

समृद्धीचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली होती. चिंधीवर माशा बसत होत्या आणि आप्पांना ते कळत नव्हतं. जखम पंधरा दिवसांची होती. साखर आवरली नाही तर साध्या जखमेनेही आधी बोट जाईल, मग पाऊल, असं शिरूरच्या डॉक्टरांनी थंडीतच सांगितलं होतं. आई तेव्हा दौंडला येऊन रडली होती.

“आप्पा, गोळ्या घ्या.”

“रंभीनं समदी औषधं येळच्या येळी घेतली,” आप्पा म्हणाले. रंभा म्हणजे आजी. “एक गोळी चुकवली न्हाई. काय झालं?”

 समृद्धीने पाकिटं उचलली आणि पुन्हा घरात नेऊन ठेवली.

दुपारी आप्पांचा डोळा लागला तसा दगड गोठ्यात आला. गोठ्यात स्नेहल होती. ती रविराज मामांची मुलगी. न्हावऱ्यातच वाढलेली, म्हशीची धार काढणारी आणि कुणाला न घाबरणारी.

“आणला का देव?” ती म्हणाली. “बाबांनी घरात सांगितलंय, हात धुऊन शिवायचं.”

“मी पाय धुऊनसुद्धा शिवणार नाही याला,” समृद्धी म्हणाली. “मला तो डोंगर चांगला माहितीये.”

तो तिला माहीत होता, कारण वर्षभर तिने त्याचा राग केला होता. भूगोलाच्या बाईंनी प्रत्येकाला एकेक पर्वत दिला होता. तिला एव्हरेस्ट हवा होता, मिळाला फुजी. चिडून तिने त्याची एवढी माहिती गोळा केली की बाईच कंटाळल्या.

“तीन हजार सातशे शहात्तर मीटर,” ती म्हणाली. “ज्वालामुखी. खाली जुने डोंगर गाडले गेलेत आणि त्यांच्यावर हा बसलाय. शेवटचा फुटला सतराशे सात साली, तेव्हा पार आजच्या टोकियोत राख पडली. दगड म्हणशील तर काळा बेसाल्ट.”

“आन् आपल्या विहिरीत काय निघतंय?”

“काळा बेसाल्ट.”

स्नेहलने कपाळावर हात मारला. “म्हंजी जपानवरून आणला तरी आपलाच दगड?”

“जातीने तोच. पण हा जपानचा नाहीच. ही भोकं बघ. लाव्हा निवताना त्यातला वायू निघून जातो, त्याची ही भोकं. फुजीचा वरचा दगड परवाचा, फार तर दहा हजार वर्षांचा. त्याची भोकं रिकामी असतात. आपला साडेसहा कोटी वर्षांचा. तेवढ्या काळात पाणी झिरपून झिरपून भोकांत पांढरे खडे बसलेत.” तिने नखाने एका भोकातला पांढरा दाणा कोरून काढला. “हा बघ. भामट्याला धड रिकाम्या भोकांचा दगडसुद्धा निवडता आला नाही.”

हृतिक दगड फिरवून बघत होता. एका बाजूने सरळ, गुळगुळीत पन्हळ गेली होती. दोन बोटं मावतील एवढी. “आणि हे काय?”

“देवीचं बोट,” स्नेहल म्हणाली. “सर म्हणत्यात त्या डोंगराची देवी हाय, तिनं दगड ऊन असताना बोट फिरवलं. ज्याला असा दगड मिळंल तो भाग्यवान.”

तिघंही त्या पन्हळीकडे बघत राहिली. मग स्नेहल हळूच हसायला लागली.

“असली बोटं तर मी रोज बघते,” ती म्हणाली. “चला माझ्यासंग.”

पण आधी ती तिघं उपकेंद्रातल्या सिस्टरना घेऊन आली. सिस्टरनी आप्पांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला आणि यंत्र रविराज मामांपुढे धरलं. तीनशे बहात्तर.

“मशीन बिघडलंय,” मामा म्हणाले. रविवारी देवळाच्या सभामंडपात सरांचा दगड विकायचा कार्यक्रम होता. तो मामांनीच ठरवला होता, आणि आप्पा तिथे उभे राहून सांगणार होते की मी गोळ्या सोडल्या आणि बरा झालो. गावात साखरेचे पेशंट चाळीसच्या वर.

“मामा, दगड खोटा आहे. मी सांगते कसा ते.”

“तू काय दगडांची डॉक्टर हाय का? एवढी माणसं येडी हायत आन् तू एकटी शहाणी?”

समृद्धीने खरं उत्तर गिळलं. मामांच्या घरी जेवायचं होतं.

ओढ्याकाठी एका विहिरीची खोली वाढवायचं काम चाललं होतं. कवठे येमाईचा मल्हारी यारी, म्हणजे दगड वर ओढायची क्रेन, लावून आत उतरला होता. तो वर येईपर्यंत स्नेहलने काठावरच्या ढिगाऱ्याकडे बोट केलं. प्रत्येक तिसऱ्या दगडावर तीच पन्हळ.

“सुरुंगाचं भोक,” ती म्हणाली. “खडकात भोक पाडायचं, दारू ठासायची, उडवायचं. दगड फुटतो तवा अर्धं भोक एका दगडाला राहतं, अर्धं दुसऱ्याला.”

मल्हारी वर आला. अंगभर राखाडी धूळ. त्याने आप्पांचा दगड हातात घेऊन उलटा केला.

“हा माझाच,” तो म्हणाला. “आमच्या कवठ्याच्या विहिरीचा. दोन महिने झालं, एक चष्मेवाला टेम्पो घेऊन आला. भोकाभोकाचे तेवढे निवडले. म्हणला बागेत मांडायचेत. म्या म्हणलं ने बाबा, जागा मोकळी व्हईल.”

“मल्हारीमामा, रविवारी देवळात येऊन एवढंच सांगाल?”

“माणसांपुढं मला बोलाय येत न्हाई.” त्याने जरा विचार केला आणि भोकं पाडायच्या यंत्राशेजारची एक झिजलेली सळई उचलून हृतिकच्या हातात दिली. “ही बोलंल. हिच्या तोंडाचं माप बघा म्हणावं.”

रविवारी सकाळी सभामंडप भरला. सत्यजीत सरांनी पांढरे बूट घातले होते आणि ते देवळात काढले नव्हते. समृद्धीने तेवढं बघितलं आणि तिला बाकी काही बघायची गरज वाटली नाही.

“फुजी पर्वत,” सर माइकवर म्हणाले, “नऊ हजार मीटर उंच. पृथ्वीवरचा सर्वांत जुना पर्वत. पन्नास कोटी वर्षांची ऊर्जा या शिळेत साठलेली आहे.”

समृद्धी उभी राहिली. “सर, एव्हरेस्टपेक्षा उंच?”

“अं... ऊर्जेने उंच.”

पुढच्या रांगेतल्या माणसांनी माना डोलावल्या. समृद्धीला त्या माना मोजाव्याशा वाटल्या.

“आणि सर, तिथून दगड उचलायला बंदी आहे. शिखर तर तिथल्या देवस्थानाचं. मग तुम्ही चोरून आणलेत का?”

“मला खास परवानगी आहे, बाळ. बस खाली.”

“बसते. एकच राहिलं. हे बोट देवीचं नक्की ना?”

“नक्की. हे मानवी हाताने होणंच शक्य नाही.”

“हृतिक,” समृद्धी म्हणाली.

हृतिक पुढे गेला. आप्पा मंचावर खुर्चीत बसले होते, मांडीवर भांडं. हृतिकने दगड पाण्यातून काढून टेबलावर ठेवला आणि पिशवीतली सळई त्या पन्हळीत आडवी टाकली. सळईचं तोंड पन्हळीत असं बसलं की इकडे हलेना की तिकडे.

 सळई काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या रानात विहीर होती.

पहिल्या हसल्या अनसाबाई. म्हाताऱ्या, पण आवाज खणखणीत. “अगं बाई, आमच्या हिरीत तर देवीनं ढिगानं बोटं फिरवल्यात. ती काय मंजन लावत होती का?”

मग सगळा मंडप हसत सुटला. सर परवानगीबद्दल काहीतरी बोलत मागच्या दाराकडे सरकले. तिथे मल्हारी उभा होता. त्याला माणसांपुढे बोलता येत नव्हतं, दारात उभं राहता येत होतं.

“चष्मा नवा घेतला व्हय?” एवढंच तो म्हणाला. कुणीतरी पोलिसांना फोन लावला आणि ते येईपर्यंत सर पायरीवर बसून राहिले, पांढऱ्या बुटांसकट.

समृद्धी मात्र आप्पांकडे बघत होती. त्यांनी सळई बाजूला केली आणि पन्हळीवरून अंगठा फिरवला. मग माइक नसतानाच बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

“आमची हीर म्या आन् रंभीनं खांदली. म्या भोकं पाडायचो, ती पाट्या वाहायची. असले दगड तिनं डोक्यावरनं हजार वाहिले असतील.” त्यांनी भांडं खाली ठेवलं. “हे भोक मला पहिल्याच दिवशी दिसलं व्हतं. दिसलं, पर मी बघितलं न्हाई.”

हृतिकने सळई पिशवीत ठेवली.

संध्याकाळपर्यंत ओटीवर माणसं येऊन गेली. “आम्हाला पहिल्यापासूनच संशय होता,” असं प्रत्येकजण म्हणाला. पुढच्या रांगेतले दोघं तर पोरांच्या पाठीवर थाप मारून गेले. समृद्धीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. रविराज मामा सर्वांत शेवटी आले.

“मशीन बिघडलं नव्हतं,” ते म्हणाले. “उद्या आप्पांना शिरूरला नेतो. तुम्ही तिघंबी चला. डॉक्टरला काय सांगायचं ते तुम्हालाच ठावं.”

“आता कसं बोललात,” सुलक्षणा मामी आतून म्हणाली.

आप्पांनी गोळी मागितली. समृद्धीने माठातलं पाणी दिलं. दगड तिने मघाशीच कडब्यावरच्या ताडपत्रीवर ठेवला होता. तिथे त्याचा खरोखर उपयोग होता.

“त्यो खरा डोंगर कसा हाय गं?” आप्पांनी विचारलं. “त्या चोराचं सोड. तुझ्या वहीतलं सांग.”

“आप्पा, त्याच्या अंगावर नदी नाही. एवढा बर्फ पडतो, पण वितळला की पाणी भोकाभोकांतून आत जातं. आत कित्येक वर्षं झिरपत राहतं. वीस, पंचवीस, कधी जास्तच. मग पायथ्याला झरे फुटतात. आज तिथे माणसं जे पाणी पितात, तो कधीचा तरी जुना बर्फ असतो.”

आप्पा गोळी हातात धरून बसले.

“म्हंजी वर पडलेलं वाया जात न्हाई.”

“नाही. उशिरा निघतं.”

त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायले. मग चिंधी सोडून पाय पुढे केला.

“रंभी असती तर तुझ्यासारखीच बोलली असती,” ते म्हणाले. “धू जरा. आन् उद्या लवकर उठीव मला.”