पाखराच्या पायावरचे आकडे

कोक्कुकुळमच्या लोकांच्या मते पाखरं म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी. चित्रबलाक तळ्यातल्या बाभळींवर उतरले की गावात फटाका वाजत नाही. घरट्यातून पडलेलं पिल्लू ज्याच्या अंगणात सापडेल, त्यानं ते वाढवायचं. सहा वर्षं इथे राहूनही मला हे भाबडंच वाटत आलं. मला पाखरांपेक्षा त्यांच्या पायांना लागलेल्या चिखलात जास्त रस.

माझं कामच ते आहे. पाय धुऊन ते पाणी बरणीत घ्यायचं, वर फडकं बांधायचं आणि थांबायचं. आठवड्याभरात पाणपिसवा वळवळू लागतात, एखादी नखाएवढी गोगलगाय काचेवर चढते. ही सगळी मंडळी अशीच फुकटात एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. कुठली कुठे पोचली हे कळावं म्हणून आम्ही आमच्या तळ्यातल्या गोगलगाईंच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन त्यात टाचणीनं आकडा कोरत असू.

आम्ही म्हणजे मी आणि इसक्की, माझ्या घरमालकिणीची एकुलती एक लेक. ती डावखुरी होती, तिचा दोनचा आकडा मागे रेलल्यासारखा दिसे. दोनशे बारा गोगलगाई झाल्या आणि तिचं लग्न ठरलं. जाताना नेलपॉलिशची बाटली तीच घेऊन गेली. तुम्ही कुठे नखं रंगवणार आहात सर, म्हणाली.

गेल्या कार्तिकात, तिला सातवा महिना लागल्यावर, सासरच्यांनी बांगड्या भरून तिला माहेरच्या बसमध्ये बसवलं. ती आमच्या फाट्यावर उतरल्याचं कंडक्टरनं सांगितलं. फाटा ते घर जेमतेम दीड मैल. ती घरी पोचली नाही. पोलिसांनी विहिरी उपसल्या, तळ्यात गळ फिरवले, काही मिळालं नाही.

आडी, म्हणजे आपल्या आषाढ महिन्यात तिच्या वडिलांनी, सुडलैमुत्तूंनी, ठरवलं की अमावास्येला तळ्यावर तिच्या नावानं तिळाचं पाणी सोडायचं. तिची आई पेच्चियम्माळ ऐकेना. "पाणी मेलेल्याला सोडतात. माझी अजून वाटेत आहे," ती म्हणे. सर, तुमचं ती ऐकते, तुम्हीच समजवा, असं सुडलैमुत्तू मला म्हणाले, आणि मी हो म्हटलं. मलाही इसक्की गेली असंच वाटत होतं, आणि त्याचं वाईट वाटत होतं.

अमावास्येला बारा दिवस होते. पेच्चियम्माळनं वाढवलेलं एक पिल्लू आता उडायला लागलं होतं, पण दुपारच्या मासळीला न चुकता अंगणात येई. ती त्याला धरायची, मी पाय धुवायचो. त्या दुपारी बोटांमधल्या ओल्या चिखलात एक गोगलगाय निघाली. लाल ठिपका, आकडा दोनशे तेरा. दोन मागे रेललेला.

पहिला संशय मला पेच्चियम्माळचाच आला. पण तिला अक्षरओळख नाही, आकडाही वाचता येत नाही. दर वेळी तीच मला विचारायची, "किती आहे, सर?"

एक दिवसाआड गोगलगाय येत गेली. चौदा, पंधरा, सोळा. इतकी लहान गोगलगाय पाखराच्या पायावर फार तर अर्धा तास तग धरते, हे मी स्वतः तपासलेलं आहे. नकाशावर तेवढं वर्तुळ काढून मी सायकलवरून सगळी तळी पालथी घातली. सगळीकडे भेगाळलेली माती. पाणी फक्त आमच्या तळ्यात होतं, आणि ते पाखरू तळ्याकडून येतच नव्हतं. ते फाट्याकडून यायचं. तिकडे काटेरी झुडपं आणि मुरूम आहे.

अर्ध्या तासाचं मी पेच्चियम्माळला सांगून बसलो. सांगायला नको होतं.

"म्हणजे जवळच आहे," ती म्हणाली. "तिला म्हणावं, सावकाश ये."

अमावास्येच्या दुपारी सुडलैमुत्तू तिळाचं तांब्याचं भांडं घेऊन बांधावर उभे होते. बायकोला घेऊन या, असा त्यांनी मला निरोप धाडला होता.

पाखरू आलं. तिनं धरलं. मी पाय धुतले.

दोनशे एकोणीस.

तिनं या वेळी किती ते विचारलं नाही. पाखरू सोडून ती घरात गेली.

मी गोगलगाय भिंगाखाली धरली. आकड्याशेजारी, त्याच ठिपक्यात, कुणीतरी बोट टेकवलं होतं. ठसा तांदळाच्या दाण्याएवढा होता, रेघा स्पष्ट.

मी ठिपक्याच्या कडेला बोट लावलं. रंग ओला होता.

बांधावरून सुडलैमुत्तूंची हाक आली. पेच्चियम्माळला बोलवायला मी आत गेलो. ती स्टुलावर चढून तुळईला जुन्या साडीची झोळी बांधत होती.

ठशाचं मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.